पडद्याकडे पाठ

३ ऑक्टोबर १९५७, गुरुवार. दसरा.

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पुढे इतिहासाला गरज पडली तर त्याची तो शोधून काढील.

मुहूर्ताचे संकल्प: नवा सिनेरिओ, म्हणजे पटकथा, दिवाळीच्या आत पूर्ण करणे. शुद्ध मराठीत लिहिणे (बालाघाटात राहून माझी भाषा पार बिघडली). साळ्याशी वाद न घालणे.

साळा म्हणजे चैतराम, माझ्या बायकोचा, सत्यभामेचा, धाकटा भाऊ. मेन रोडवर सायकलचे दुकान. संध्याकाळी सोने द्यायला आला आणि ओसरीवर चार लोक बसले असताना म्हणाला, भाऊजी, तुमी मुक्या सिनेमाचे मोठे रायटर होते म्हन्ता, पन तुमचं नाव पडद्यावर पाह्यलेला एक बी मानूस मले आजवर भेटला नाही, काहून? मी शांतपणे सांगितले, की माझे नाव पाहिलेली माणसे पंक्चर काढायला तुझ्याकडे येत नाहीत. मग तो बोलला. मग मी बोललो. मग सत्यभामेने दोघांच्या मधे चिवड्याचे ताट आणून ठेवले.

तिसरा संकल्प उद्यापासून.

५ ऑक्टोबर, शनिवार

सिनेरिओ सुरू केला. शीर्षकासाठी जागा सोडली आणि खाली रेघ मारली. रेघ वाकडी आली. वाकड्या रेघेवर काम पुढे नेणे बरे नाही.

इतिहासासाठी थोडे. मी, खेमराज उरकुडे, बोलपट यायच्या आधी कोल्हापूरच्या एका फिल्म कंपनीत सिनेरिओ आणि पाट्या लिहीत होतो. पाट्या म्हणजे मुक्या चित्रात मधे मधे येणारी अक्षरे, काळ्यावर पांढरी. नट नुसते तोंड हलवायचे. ते काय बोलले हे ठरवणारा मी. राजे, राण्या, ऋषी, सगळे माझ्या शब्दांवर जगले. माझा 'अश्रुगड' लागला तेव्हा बायांनी पदर पिळले. राणी बुरुजावर उभी आहे, नवरा लढाईला गेलेला, आणि त्याचा घोडा रिकामाच परत येतो. पाटी येते: घोडा आला, स्वार कुठे? बस. आजचा रायटर इथे गाणे घालील.

लोकांना वाचता येत नसे म्हणून पाट्या मोठ्याने वाचणारा ठेवायचे. 'अश्रुगड'च्या पाट्या मी स्वतः वाचायचो, आणि तेही पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून. सगळ्या तोंडपाठ. पाटी आली हे मला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळायचे. पडदा काळा झाला की चेहऱ्यांवर अंधार पडतो, तेव्हा बोलायचे. बाकीचे वाचणारे पडद्याकडे बघत अडखळायचे. मी एकदाही मागे वळून पाहिले नाही. याला म्हणतात आत्मविश्वास.

मग सिनेमा बोलायला लागला. अडाणी लोकांनी टाळ्या पिटल्या. मी निषेध म्हणून कंपनी सोडली (कंपनीनेही मला त्याच दिवशी सोडले, पण आधी मी). पुढे एका साप्ताहिकात चित्रपरीक्षणे लिहिली. साप्ताहिक बंद पडले, माझ्यामुळे नव्हे. सध्या इथल्या राइस मिलच्या गेटावर बसतो. लोक त्याला नोकरी समजतात.

७ ऑक्टोबर, सोमवार

घरात शांतता नाही. वॉर्डात बायांसाठी प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला आहे आणि सत्यभामा रोज दुपारी तिकडे जाते. आता जे दिसेल ते वाचते. साबणाचा कागद, काडीपेटी, धानाचे पोते. आवाज नाही, नुसते ओठ हलतात, आणि त्याने माझे लक्ष उडते.

या वयात वाचून काय करणार, असे विचारले. तर म्हणाली, तुमीच तं सांगत राह्यता का तुमचं नाव पडद्यावर येत होतं. लगीन झाल्यापासून आयकूनच राह्यली मी. कधी आलं तं मले वाचता आलं पाह्यजे ना!

मला भरून आले. मी तिला शब्द दिला, सत्यभामे, तुझ्या या डोळ्यांनी माझे नाव पडद्यावर दाखवीन. तिने मान डोलावली आणि स्लेट दाखवली. सगळ्या स्लेटवर माझेच नाव. तोंडाने ती माझे नाव घेत नाही, आमच्याकडे कोणतीच बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. पण लिहिण्यात दोष नाही असे वर्गातल्या बाईंनी सांगितले म्हणे. अक्षर बाळबोध आहे. ख पोट फुगल्यासारखा काढते. सांगितले तसे.

शब्द तर देऊन बसलो. कसा पाळायचा ते उद्या बघू.

१० ऑक्टोबर, गुरुवार

'अश्रुगड' सापडला! देव आहे!

झाले असे. मोतीलाल हा टूरिंग टॉकीजवाला. जत्रा असो, दिवाळीनंतरचा मंडईचा मेळा असो, तंबू ठोकून सिनेमा दाखवतो. काल मिलच्या गेटावर आला आणि म्हणाला, पंडितजी, गोंदिया के कबाड़ी से पुराना माल उठाया, उसमें एक गूंगी फिल्म निकली है, डिब्बे पर नाम नहीं, आप पुराने आदमी हो, जरा पहचान लो. (मी कुणबी आहे. पण पंडितजी म्हणतो तर म्हणू द्यावे.)

आज गेलो. फिल्म फार जुनी, चुरमुऱ्यासारखी कडक. डब्यातून हातभर बाहेर काढून उन्हात धरली. आणि काय सांगू! घोडा! कपाळावर पांढरा टिळा असलेला घोडा! पुढे पगडीवाली माणसे, पुढे खिडकीतून बघणारी बाई. मी म्हणालो, मोतीलाल, हा माझाच घोडा.

पक्का ना, असे तो विचारू लागला. मी म्हटले, अरे, आमच्या कंपनीत घोडा एकच होता, सगळ्या चित्रांत तोच असायचा. मी त्याला ओळखणार नाही? इथे चूक होणे शक्यच नाही.

ठरले. कार्तिकी पौर्णिमेला रामपायलीची जत्रा असते, तिथे दाखवायचा. पाट्या मी वाचणार, पूर्वीसारख्याच. ट्रायल घ्यायची नाही, कारण फिल्म मशीनमध्ये किती वेळा टिकेल याचा भरवसा नाही. मी म्हणालो, ट्रायल नवख्यांना लागते.

घरी येऊन सत्यभामेला सांगितले. रात्रीच्या भाकरी दोन्ही करपल्या, त्यावरून समजलो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

'अश्रुगड'च्या रामपायलीतील प्रयोगाचे परीक्षण लिहून ठेवले. 'प्रेक्षक हुंदके देत बाहेर पडले' हे वाक्य जमले आहे. परीक्षण आधी लिहून ठेवले की चित्र पाहताना मन मोकळे राहते. ही माझी जुनी पद्धत. कंपनीत असताना मी टोपणनावाने परीक्षणे लिहायचो तेव्हापासूनची.

दुलीचंदच्या 'सासऱ्याची वरात'चे परीक्षण तर मी चित्र न पाहताच लिहिले होते आणि तेच सर्वात गाजले. दुलीचंद माझ्याच कंपनीत पाट्या लिहायचा. विनोदी. लोक हसायचे, एवढाच काय तो त्याचा गुण. 'या चित्रात जीव नाही' असे मी लिहिले. दुलीचंद कंपनीभर विचारत फिरला, कोण हा लेखक? मीही त्याच्याबरोबर शोधायला फिरलो.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

मिलच्या गेटावर तालीम. धानाच्या गाड्यांकडे तोंड करून सगळ्या पाट्या म्हटल्या. एक बैल बुजला. आवाजात जोर अजून आहे.

वाजवायला डोमाजीला सांगितले. डोमाजी म्हणजे दंडारीतला ढोलकीवाला. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, तिथे तो दंडारीच्या नाचगाण्यात वाजवतो. त्याला बजावले, की राणी मरते तिथे ढोलकी एकदम बंद. तो म्हणाला, मी तं पडद्याकडं पाहूनच वाजवीन, जसं दिसन तसं. मी म्हटले, पडद्याकडे नको, माझ्याकडे पाहा. हौ म्हणाला. हौ म्हणण्याची त्याची रीत मला आवडली नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार. दिवाळी.

सिनेरिओ दिवाळीच्या आत पूर्ण करायचा होता. यंदा दिवाळी फार लवकर आली.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

डोके फिरायची पाळी. सत्यभामा पंचांग वाचत होती (हो, आता पंचांगही). म्हणाली, पुनवेले तं चंद्रग्रहन हाये, अन् तेबी सांजच्यालेच, तुमचा सिनेमा पाहाले कोन येईन?

मी म्हटले, ग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली. विज्ञान आहे. शिकलेल्या माणसाने घाबरायचे कारण नाही. ती म्हणाली, मी कुठं घाबरून राह्यली, मी तं तुमाले तारीख सांगून राह्यली.

मोतीलालकडे गेलो. त्याने तारीख आधीच बदलली होती, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. मले काहून नाही सांगतलं, म्हणून मी भडकलो. एवढ्या वर्षांनी माझं नाव उजेडात येऊन राह्यलं, आन् त्याच्या आड चंद्र आला! निरा वैताग! (शुद्ध मराठीचा संकल्प. लक्षात आहे. उद्यापासून.)

५ नोव्हेंबर, मंगळवार

रशियाने आकाशात कुत्री पाठवली. मिलमध्ये दुसरा विषय नाही. मी शुक्रवारच्या माझ्या चित्राबद्दल सांगायला लागलो तर महागू हमालाने मधेच विचारले, त्यात कुत्री हाये का? घोडा आहे म्हटले. त्याचे तोंड उतरले.

७ नोव्हेंबर, गुरुवार. रामपायली.

सगळी जत्रा नदीवर उभी राहून चंद्राकडे बघत होती. एवढी गर्दी मी कोणत्याही थिएटरला पाहिली नाही. चंद्राने काय केले? काही नाही. नुसता काळा झाला. प्रसिद्धी अशी मिळते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी

काळा कोट घातला. काखेत उसवला होता, सत्यभामेने शिवून दिला. मी तिला नीट समजावले, की तू बायांमध्ये अगदी पुढे, माझ्या समोर बस. पहिली पाटी कंपनीची. दुसऱ्या पाटीवर खाली बघ, 'लेखक' असे असेल, त्यापुढे माझे नाव. घाई करू नको, पाटी बराच वेळ थांबते. ती म्हणाली, मी तयारी करून आली हाये. चैतरामही आला आहे. त्याला मुद्दाम तिच्या मागे बसवणार आहे, म्हणजे तोही पाहील आणि कायमचा गप्प बसेल.

९ नोव्हेंबर, शनिवार

काल जे झाले ते शांतपणे लिहितो.

तंबू भरला होता. मी पडद्याच्या बाजूला, पाठ फिरवून उभा राहिलो. मशीन खरखरले. चेहऱ्यांवर अंधार आला, कंपनीची पाटी. पुन्हा अंधार आला, माझ्या नावाची पाटी! सत्यभामा समोरच होती. मान वर, डोळे बारीक, आणि ओठ हलत होते. एकेक अक्षर लावत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझे नाव घेतले, मनातल्या मनात का होईना. संवादाची पहिली पाटी म्हणताना आवाज फुटेना.

मग मात्र आवाज लागला. 'हे गडा, तुझ्या चिऱ्याचिऱ्यात माझे अश्रू मुरले आहेत!' असे मी म्हणालो आणि तंबूत कोणीतरी हसले. मी त्याच्याकडे रोखून पाहिले. पुढे 'स्वामी, रणांगण तुम्हाला बोलावते आहे' म्हटले, तर सगळेच हसले. डोमाजी नालायक, लग्नातली ढोलकी वाजवत होता. मी हाताने खुणा करून राह्यलो, बंद कर, बंद कर. तो पडद्याकडे बघत मान डोलवत होता.

आणि मग माझी ती पाटी. मी थांबलो. हात वर केला. 'घोडा आला, स्वार कुठे?'

तंबू फुटतो की काय असे वाटले. माणसे एकमेकांच्या अंगावर पडत होती. एक म्हातारी पोट धरून अगागा करत होती. कोणीतरी ओरडले, वन्स मोअर! मोतीलालचे लोक मशीन सोडून हसत होते. मी राणीच्या मृत्यूची पाटी म्हटली तेव्हा तर माणसे उठून नाचली.

बालाघाट जिल्ह्यात शोकांतिका समजायला अजून वेळ आहे. हे लोक दुःख झाले की हसतात, त्यांना दुसरे येत नाही. सगळे चित्र चालू असताना मी एकदाही मागे वळलो नाही.

परतताना बैलगाडीत सत्यभामेला विचारले, दिसले का नाव? ती म्हणाली, दिसलं. वाचले? हौ, वाचलं. काय वाचले ते विचारले नाही. नवऱ्याचे नाव ती तोंडाने कशी सांगणार? चैतराम तोंडावर गमछा घेऊन गाडीच्या मागच्या बाजूला बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. रडत असावा. शेवटी पाझर फुटला.

११ नोव्हेंबर, सोमवार

मी प्रसिद्ध झालो. मिलच्या गेटावर प्रत्येक गाडीवान म्हणतो, घोडा आला, स्वार कुठं? बसस्टँडवर बैहरच्या बसचा ड्रायव्हर खाली उतरला तर कंडक्टर ओरडला, बस आली, स्वार कुठं? वाङ्मय असे लोकांच्या ओठी जाते.

परीक्षणातले 'हुंदके देत' हे वाक्य तसेच ठेवले. पोट धरून केलेला आवाजही लांबून हुंदक्यासारखाच वाटतो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

मोतीलाल आला. हात जोडून म्हणाला, पंडितजी, ऐसी कॉमेडी मैंने जिंदगी में नहीं देखी, लामता की मंडई में भी आइए. मी म्हटले, कॉमेडी? तो म्हणाला, वो ससुर घोड़े से गिरता है, घोड़ा अकेला मंडप में आता है, और आप बोलते हो, घोड़ा आला स्वार कुठे! वाह!

मी विचारले, कोण सासरा?

तो म्हणाला, 'सासऱ्याची वरात' का ससुर, और कौन.

मी उठलो आणि घरी आलो. मिलला सांगितलेही नाही. सत्यभामा तांदूळ निवडत होती. मी विचारले, पाटीवर नाव काय होते? ती सुपाकडेच बघत राहिली. मी म्हटले, सांग. ती म्हणाली, दुलीचंद.

फटकन म्हणाली. माझे नाव असते तर तिच्या तोंडून निघाले नसते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज लिहिणार नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कोणावर विश्वास ठेवू नये. घोड्यावरही नाही.

सत्यभामेला विचारले, तुला दुसऱ्या पाटीलाच कळले होते, मग तेव्हाच का सांगितले नाही? ती म्हणाली, कसं सांगू? तुमी तिकडं पाठ करून उभे, कोट घालून, डोयात पानी. मी वाचलं, दुलीचंद. मंग पुन्हा वाचलं, मले वाटलं माहंच चुकून राह्यलं. नवीनच तं शिकली मी. मंग चैतू मांगून हासाले लागला, तं मी त्याले चिमटा घेतला, गप बस म्हनलं.

आणि गाडीत खोटे का बोललीस? तर म्हणे, मी कुठं खोटं बोलली, नाव दिसलं का इचारलं तुमी, नाव दिसलंच होतं.

मी म्हटले, माझा अश्रुगड गेला म्हणजे. कुठे कबाडात वितळला असेल. आता माझे नाव कुठेच नाही. ती म्हणाली, पन तो सिनेमा चांगला होता बरं का. लय हासू आलं.

दुलीचंदचा! चांगला! माझ्याच घरात!

संकल्प: मोतीलालचे तोंड पाहायचे नाही. 'सासऱ्याची वरात'चे आणखी कडक परीक्षण लिहायला घेतले. पहिल्या वाक्यावर अडलो. आठवले, की चित्र मी अजूनही पाहिलेले नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मोतीलाल पुन्हा आला. लामत्याचे लोक विचारतात म्हणे, वो घोड़ेवाले बाबा आ रहे हैं कि नहीं. मी साफ नाही म्हणालो. मग चहा झाला. मग विचार केला, की दुलीचंदच्या निर्जीव चित्रात जीव आला तो कोणाच्या शब्दांनी? माझ्या. म्हणजे हे चित्र आता अर्धे माझेच. कलेसाठी जाणे भाग आहे.

अट एकच घातली. मी पूर्वीसारखाच उभा राहणार, पडद्याकडे पाठ करून. दुलीचंदचे काम मला बघायचे नाही. मोतीलाल म्हणाला, वही तो मजा है.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सत्यभामा काचेचा एक तुकडा कंदिलाच्या ज्योतीवर धरून काळा करत बसली होती. घासलेट काय फुकट येते? ओरडलो. ती म्हणाली, मोतीलालभाऊनं देल्ली, सिनेमाच्या आधी जाहिरात दाखवतेत ना, तशी काच हाये, काजळी धरवाची, सुईनं अक्षर कोराचे, मंग ते पडद्यावर मोठे दिसतेत. मी म्हटले, शिकून सवरून शेवटी विडीच्या जाहिराती लिहिणार तर! ती हसली आणि आत गेली. दार लावून घेतले.

मी पाट्यांत सुधारणा केल्या. राणीच्या जागी सासरा घातला. नाइलाज.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल लामता. छोट्या लाइनच्या गाडीने आम्ही तिघे गेलो, मी, सत्यभामा, चैतराम. तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. मी उभा राहिलो तेव्हाच टाळ्या पडल्या.

सुरुवातीला मोतीलालने फार वेळ खाल्ला. चेहऱ्यांवर अंधार आला आणि जाईचना. कंपनीची पाटी एवढी लांब नसते, म्हणजे विडीची जाहिरात. लोक शांत बसले होते आणि डोमाजी हळूहळू ढोलकी धरत होता, देवाच्या आरतीला धरतात तशी. अशाने रंग जातो. मी मशीनकडे हात करून ओरडलो, मोतीलाल, आगे बढ़ो! हटाओ इसको! लोक हसले. पुन्हा ओरडलो तेव्हा काढली.

बाकी प्रयोग उत्तम झाला. घोड्याच्या पाटीला टोप्या उडाल्या. आता थांबणे नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चैतराम आला. बसला. चहा घेतला तरी एकही टोमणा नाही. मी म्हटले, काय झाले? तो म्हणाला, भाऊजी, माफी करजा. दसऱ्याले मी बोल्लो होतो. आता मी सोता पाह्यलं तुमचं नाव पडद्यावर. हे एवढं मोठं. सगळ्या लामत्यानं पाह्यलं.

मी म्हटले, कोणते नाव? तो म्हणाला, माह्या बहिनीनं काचेवर लिवलं होतं ना. लेखक खेमराज उरकुडे. पोट फुगलेला ख. पन तुमीच तं हटाओ, हटाओ ओरडून राह्यले.

सायकल काढली आणि मोतीलालच्या गोदामात गेलो. म्हटले, ती काच दे, एकदा उन्हात धरून पाहतो. तो म्हणाला, पंडितजी, काच तो एक ही थी, पोंछ दी. बाजाराच्या दिवसाला विडीची जाहिरात पाहिजे होती, ती तिच्यावर कोरून झाली. दाखवली. विडी चांगली असावी.

घरी आलो. सत्यभामा ओसरीवर बसून परवाच्या गाडीचे तिकीट वाचत होती. मी विचारले, तू कोरले, मग तुला पाठच होते, तरी पडद्यावर आले तेव्हा वाचलेस? हौ म्हणाली. मोठ्याने? हौ. मी म्हटले, मला काहीच ऐकू आले नाही. ती म्हणाली, कसं आयकू येईन, तुमीच तं ओरडून राह्यले होते. आता पुन्हा म्हन म्हनान तं मी नाही म्हननार. एकडाव घेतलं, झालं.

तिचे ओठ हलताना मी पाहिले होते. मला वाटले, विडीची जाहिरात वाचते आहे.